जकात चुकवलेल्या गाड्या

जगातल्या नामांकित मोटार कंपन्यांनी गेल्या बारा-तेरा वर्षांत एक अजब उद्योग आरंभला आहे, आणि त्याबद्दल आपल्या दिवाळी अंकांतून कोणी चार खडे बोल सुनावलेले माझ्या तरी वाचनात नाहीत. या कंपन्या नव्या गाड्यांची चित्रे काढतात, त्यांची इंजिने योजतात, त्यांना नावे देतात, थाटामाटाने त्यांचे अनावरण करतात. पण त्या गाड्या रस्त्यासाठी नसतातच. त्या असतात व्हिडिओ गेमसाठी. पडद्यावर पळायचे, पडद्यावरच मिरवायचे आणि पडद्याबाहेर कुणाच्याही अंगणात कधी उभे राहायचे नाही, एवढाच त्यांचा जन्म.

'पोरांचा खेळ आहे, त्यावर लेख कसला लिहिता?' असे म्हणणारे वाचक असतील. त्यांच्याशी माझे भांडण आहेच, पण ते नंतर. आधी हकीकत ऐका.

ग्रान टुरिस्मो नावाचा शर्यतीचा जपानी खेळ डिसेंबर १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर आला. काझुनोरी यामाउची हे त्याचे जनक आणि पॉलिफनी डिजिटल ही त्यांची कंपनी. खऱ्या गाड्या जशा वळतात, घसरतात, ब्रेक लावल्यावर पुढे झुकतात, तशा पडद्यावर दाखवायच्या हा त्यांचा ध्यास. तो त्यांनी निगुतीने पुरा केला, यात वाद नाही. खेळाला पंधरा वर्षे झाली त्या निमित्ताने २०१३ साली त्यांनी मोटार कंपन्यांना आवतण दिले : तुमच्या मनातली उद्याची गाडी आमच्यासाठी काढून द्या. या उपक्रमाचे नाव 'व्हिजन ग्रान टुरिस्मो'. त्या नोव्हेंबरात पहिला मान मर्सिडीझने घेतला. मग रीघ लागली. बीएमडब्ल्यू, फोक्सवागन, निसान, ॲस्टन मार्टिन, शेव्हरोले, बुगाटी, ह्युंदाई, जॅग्वार, लॅम्बोर्गिनी. पोर्शेची तर गंमतच आहे. एका अमेरिकन गेम कंपनीशी केलेल्या करारामुळे कित्येक वर्षे पोर्शेची गाडी ग्रान टुरिस्मोत दिसतच नव्हती. २०१६ अखेर तो करार संपला, आणि पाच वर्षांत, २०२१ मध्ये, त्याच पोर्शेने त्या खेळासाठी खास गाडी काढून दिली. २०२२ साली फेरारीही पंगतीला बसली. एके काळी आपले नाव वापरू द्यायचे मोल मागणारे हे लोक आता मुलांच्या पडद्यावर जागा मिळावी म्हणून आपण होऊन चित्रे काढून देतात. व्यापारी माणूस फुकट काही देत नाही, हे ज्या गावात बाळकडूबरोबर पाजले जाते त्या गावात मी राहतो. म्हणून मला ही दानत जरा संशयास्पद वाटली.

माझे गाव बडोदे, आणि रोजची वाट मांडवीवरून. मांडवी म्हणजे काय हे सीमाभागातल्या वाचकांना सांगायला नको. अशा मांडव्या आपल्याकडे गावोगाव होत्या. मांडवी म्हणजे जकातीचे ठाणे. माल गावात शिरण्याआधी तिथे थांबायचा, गाठोडी सुटायची, तराजू लागायचा, गाडीवानाला विचारले जायचे : काय आणलेस, कुणासाठी आणलेस, ओझे किती? आमची मांडवी जुन्या शहराच्या ऐन मध्यावर आहे. लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर दरवाजा आणि गेंडीगेट या चारी दरवाजांचे रस्ते तिच्यापाशी येऊन मिळतात. चौकोनी इमारत, प्रत्येक अंगाला तीन कमानी. मूळची सुलतानी अमलातली, पुढे दमाजीराव गायकवाडांच्या काळात डागडुजी झालेली. २०२५ साली तिच्या एका खांबाला भेगा पडल्याचे वर्तमानपत्रांनी छापले, तेव्हा कुठे आम्हा बडोदेकरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिले.

या चौकात सकाळी अकराला उभे राहावे. स्कूटरवर नवरा-बायको, मध्ये मूल, पुढे पायाशी तेलाचा डबा. रिक्षात शाळेची नऊ पोरे. हातगाडीवर कापडाचे तागे. एकजण गुजरातीत शिवी देतो, दुसरा मराठीत परत करतो, आणि दोघांनाही दोन्ही समजतात. देवउठी एकादशीला इथूनच विठ्ठलाची मिरवणूक निघते आणि त्या दिवशी चाकांनी माणसांपुढे माघार घ्यायची असते. वाहन म्हणजे काय, हे ज्याला शिकायचे असेल त्याला यापरते विद्यापीठ नाही. म्हणून मी त्या गेममधल्या गाड्यांना याच नाक्यावर थांबवतो आणि जुने तीन प्रश्न विचारतो.

शेव्हरोलेची गाडी पहिली घेऊ, कारण ती आमच्या शेजारची आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात 'चॅपरल २एक्स' नावाची गाडी दाखवली गेली. तिला पेट्रोलचे इंजिन नाही. लेसरचे झोत हवेवर मारायचे, त्या स्फोटाच्या लाटेने गाडी पुढे रेटायची, अशी कल्पना. वेग ताशी ३८५ किलोमीटरच्या घरात. आणि चालकाने बसायचे नाही, हातपाय पसरून पालथे पडायचे, हनुवटी रस्त्याच्या अंगाला. हे सगळे जनरल मोटर्सच्या कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत जन्माला आले.

आता त्याच जनरल मोटर्सचा एक कारखाना मांडवीपासून सुमारे ४० किलोमीटरवर हालोलला होता. १९९६ च्या सुमारास तिथून ओपेल ॲस्ट्रा निघू लागली, पुढे शेव्हरोले टवेरा. बडोदे, हालोल, कालोल या पट्ट्यातली कितीतरी घरे, त्यांत मराठी घरेही, त्या फाटकातून चालली. जुलै २०१३ मध्ये कंपनीला १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावाव्या लागल्या. धुराच्या चाचणीत आपल्याच माणसांनी नियम मोडल्याचे कंपनीला कबूल करावे लागले. टवेरा म्हणजे जीपच्या जागी आलेली वऱ्हाडाची, शिर्डी-पावागढच्या यात्रेची, दवाखान्याची गाडी. तिचा धूर खोट्या हिशेबाने स्वच्छ ठरवला गेला आणि पुरत्या सोळा महिन्यांनी त्याच घराण्याने धूरच नसलेली, हवेवर चालणारी, लेसरची गाडी जगाला दाखवली. त्यानंतर जुलै २०१५ मध्ये हालोल बंद करण्याची घोषणा, आणि एप्रिल २०१७ मध्ये फाटकाला कुलूप. कारखाना चिनी कंपनीने घेतला, आज तिथून एमजीच्या गाड्या निघतात. पडद्यावरची चॅपरल मात्र बंद पडली नाही. तिला कामगार नाहीत, ग्रॅच्युइटी नाही, सुटे भाग मागणारा गिऱ्हाईक नाही. ती कशाला बंद पडेल?

लेसरवाल्या चित्रकारांनी टवेराचा धूर लपवला, असे मी म्हणत नाही. ती दोन वेगळी दालने होती, हे मलाही समजते. मला दिसते ते एवढेच की, जी कंपनी उद्याचे वचन इतक्या सढळ हाताने देते तिची आजची थकबाकी कुणी विचारू नये अशी सोय त्या वचनातच केलेली असते.

हा एकाच घराण्याचा दोष असता तर लेख इथेच संपवला असता. पण सप्टेंबर २०१५ आठवा. फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात बुगाटीने आपली निळी 'व्हिजन ग्रान टुरिस्मो' मांडली. बुगाटी तेव्हा फोक्सवागनच्या घरातली. प्रदर्शन चालू असतानाच, १८ सप्टेंबरला, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवागनला नोटीस धाडली : तुमच्या डिझेल गाड्यांत असे सॉफ्टवेअर बसवलेले आहे, की चाचणी चालू आहे हे त्याला ओळखू येते आणि तेवढ्यापुरती गाडी सभ्य होते. जगभरात १ कोटी १० लाख गाड्यांचा तो मामला. आपल्याकडे त्याच डिसेंबरात सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी बोलावण्याचे जाहीर झाले. एका मांडवाखाली सॉफ्टवेअरमध्ये राहणारी गाडी टाळ्या घेत होती आणि मांडवाबाहेर गाडीत राहणारे सॉफ्टवेअर पकडले जात होते. कादंबरीकाराने हे लिहिले असते तर संपादकांनी 'फार जुळवाजुळव वाटते' म्हणून साभार परत केले असते.

आता पूर्वपक्ष मांडतो, नाहीतर एकतर्फी निकाल दिल्याचा दोष लागेल. या गाड्यांचे कैवारी म्हणतात : कलावंताला मोकळे रान हवे. रस्त्यावरच्या गाडीला कायदा, किंमत, टक्कर-चाचणी, टायरचे माप, डिकीची जागा अशी शंभर बंधने. एकदा ती सोडून द्या आणि बघा हात कसा चालतो. शिवाय त्यातून खरेही काही निघते. बुगाटीच्या त्या निळ्या गाडीची छाया २०१६ च्या खऱ्या शिरॉनवर स्पष्ट पडलेली आहे. आणि निसानने प्लेस्टेशनच्या जोडीने २००८ पासून गेममधले खेळाडू निवडून त्यांना खऱ्या शर्यतीत उतरवले. २०११ चा विजेता जॅन मार्डनबरो खरोखरच व्यावसायिक शर्यतपटू झाला, त्याच्यावर २०२३ साली चित्रपट निघाला. २०१४ मध्ये ती स्पर्धा भारतातही झाली.

हे सगळे खरे आहे. आणि बारकाईने पाहिले तर माझ्याच बाजूचे आहे. मार्डनबरोचे काय झाले? तो पडद्यातून बाहेर आला. खऱ्या डांबरावर, खऱ्या वजनासह, मानेला खरे हिसके बसत त्याची पारख झाली, आणि तो उतरला म्हणून त्याचे नाव राहिले. म्हणजे त्याने जकात भरली. शिरॉननेही भरली. माझी तक्रार न भरणाऱ्यांबद्दल आहे, आणि त्याच जास्त आहेत.

बंधने सोडली की हात मोकळा चालतो, या वाक्यावर तर मला हसूच येते. ओवी रचणारणीला जात्याचा फेरा होता, म्हणून ओवीला तिची लय मिळाली. घाटातला सुतार बैलगाडीचे चाक करताना उतार, चिखल आणि बैलाची उंची मनात धरूनच तासणी मारी. गेममधल्या रस्त्यावर गाय आडवी येत नाही, म्हातारी मध्येच थबकत नाही, पावसाने खड्डा पडत नाही, मागच्या सीटवर कुणी ओकत नाही. मग तिथे चित्रकाराने सोडवले ते काय? गणित काढून टाकायचे, उत्तर सुबक अक्षरात लिहायचे आणि शंभरपैकी शंभर गुण घ्यायचे, असला हा प्रकार झाला. बहुतेक गाड्या पाहा : एक माणूस, फार तर दोन. उद्याच्या जगात आई नाही, सामान नाही, दवाखान्यात न्यायचा शेजारी नाही. हे भविष्य कुणी ठरवले?

आमच्या देशाचेही एक उदाहरण आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाला टाटा मोटर्सने 'रेसिमो' नावाची दोन आसनी गाडी दाखवली. १.२ लिटरचे टर्बो इंजिन, १९० अश्वशक्ती, सहा सेकंदांच्या आत शंभराचा वेग, रूप टाटांच्या ट्युरिनमधल्या स्टुडिओत घडलेले. त्याच वेळी जाहीर झाले की ही गाडी 'फोर्झा होरायझन ३' या गेममध्ये झळकेल, आणि असा मान मिळणारी ती पहिली भारतीय गाडी असेल. बातमी वाचून पुण्यापासून बडोद्यापर्यंत मुलांची छाती फुगली. मोठ्यांचीही फुगली, खोटे कशाला बोला! रस्त्यावर मात्र रेसिमो आली नाही.

त्याच टाटांनी नऊ वर्षे आधी, जानेवारी २००८ मध्ये, दिल्लीत नॅनो दाखवली होती. तिची सुरुवात रस्त्यावरच्या एका प्रश्नापासून झाली : पावसात एका स्कूटरवर चौघे भिजत चालले आहेत, त्यांना लाखभर रुपयांत चार चाके आणि छप्पर देता येईल काय? सिंगूरहून हलून कारखाना आमच्या गुजरातेत साणंदला आला, २०१० पासून तिथून गाड्या निघाल्या. पुढे काय झाले ते आपण जाणताच. किंमत वाढली, काही गाड्यांनी पेट घेतला, 'गरिबाची गाडी' असा शिक्का बसला आणि गरिबालाही तो शिक्का नको होता. २०१८ मध्ये उत्पादन थांबले. सोसायट्यांच्या फाटकांवर तिची चेष्टा झाली. नॅनो हरली, हे मान्य. पण ती मांडवीवर आली होती हो! तिने गाठोडे सोडले, तराजूत बसली, लोकांनी तिला नापास केले. गेममधल्या एकाही गाडीला नापास होण्याचा हा मान कधी मिळणार नाही. आमच्या वर्तमानपत्रांनी नॅनोच्या फजितीवर रकानेच्या रकाने लिहिले आणि पडद्यावरच्या गाडीला 'भविष्याची झलक' म्हणून रंगीत चौकट दिली, याचा मला राग आहे.

आता तो राहिलेला वाद. 'पोरांचा खेळ आहे, जाऊ द्या' म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना मला सांगायचे आहे की तुम्ही घरात बाजार आणून ठेवला आहे आणि बाजारात काय विकले जाते ते पाहायला तयार नाही. २०२१ साली प्लेस्टेशन ५ भारतात आले ते पन्नास हजारांना दहा रुपये कमी, इतक्या किमतीला. तेवढ्यात पूर्वी लग्नाचा मांडव उभा राही. त्यात ग्रान टुरिस्मो घातला की या कल्पनेतल्या गाड्या खेळातल्या दहा-दहा लाखांच्या चलनाला घ्याव्या लागतात. ते चलन रात्र-रात्र जागून, शर्यती मारून कमवायचे. म्हणजे कंपनीची जाहिरात आपली मुले जागरण करून विकत घेतात, आणि वर आभार मानतात. दहा वर्षांच्या मुलाला आज मर्सिडीझ घेता येत नाही हे मर्सिडीझला पुरते ठाऊक आहे. तिला ते तीस वर्षांनंतरचे गिऱ्हाईक हवे आहे.

आणि 'पोरे बिघडली' म्हणून पडदा फोडायला निघालेल्यांशीही माझे पटत नाही. आमच्या पोळात सातवीतला एक मुलगा आहे. तो या गाड्या खेळतो आणि मग वहीच्या मागच्या पानांवर काढतो. रेघ काय सुंदर! बाकाचे वळण, चाकावरची कमान, दिव्यांची तिरकी नजर. त्याला मी म्हटले, 'यात आजीला बसव बरं.' पोरगा विचारात पडला. आजीचे गुडघे दुखतात, म्हणजे दार इतके खाली चालणार नाही. आजीजवळ पिशवी असते. दुसऱ्या दिवशी तो नवे चित्र घेऊन आला. त्यात दार उंच झाले होते, पायरी आली होती आणि गाडी जरा बेढब दिसत होती. तो स्वतःवर नाराज होता. मला ते आदल्या दिवशीच्या चित्रापेक्षा दसपट मोलाचे वाटले. ही पोरे हुशार आहेत, हात तयार आहे. त्यांना प्रश्न कुणी दिलेला नाही. पुढे हीच पोरे डिझाइनच्या शिकवण्यांना जातात, आईबाप लाखांनी फी मोजतात, आणि प्रवेशाच्या वहीत एकाहून एक पंख फुटलेल्या गाड्या भरतात, ज्यांत राखीव चाक ठेवायला जागा नसते.

बडोद्याला तर हे शोभतच नाही. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी इथे कलाभवन काढले. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. एकाच छपराखाली चित्रकला, सुतारकाम, रंगकाम आणि यंत्रकाम. रेघ मारणाऱ्याने रंधाही हातात धरायचा, असा तो विचार होता. दादासाहेब फाळके तिथून शिकून गेले, आणि त्यांनी काढलेली चित्रे पुढे हलली ती नुसत्या कल्पनेने नाही. रसायन, भिंग, यंत्र सगळे हाताखालून गेले होते म्हणून. त्याच दरबाराने १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा 'सयाजी शासन शब्दकल्पतरु' छापला. इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी आणि इतर भाषांतले प्रतिशब्द. कचेरीतली वस्तू रयतेच्या भाषेत बोलता आली पाहिजे, ही त्यामागची काळजी. आज त्याच शहरातला मुलगा घरात मराठी, पोळात गुजराती आणि पडद्यापुढे तिसरेच काही बोलतो, आणि त्या तिसऱ्या भाषेतल्या गाडीत त्याच्या पहिल्या दोन भाषांतले एकही माणूस बसू शकत नाही.

दुभाषी प्रांतात वाढलेल्या मुलाजवळ एक भांडवल असते. त्याला मेस्त्रीचे म्हणणे एका भाषेत कळते, आजीचे दुसरीत, आणि दोघांची भांडणे तो लहानपणापासून सोडवत आलेला असतो. बेळगावच्या खडेबाजारात, निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत, डांगच्या घाटात अशी पोरे आहेत. वाहन कुणासाठी हा प्रश्न त्यांच्याइतका ट्युरिनच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या स्टुडिओला कधी पडणार?

म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत मी पोळातल्या मुलांना एक पैज लावली आहे, आणि वाचकांच्या घरच्या मुलांनाही ती खुली आहे. गेम खुशाल खेळा. मग एक गाडी काढा. तिच्यात चार माणसे बसली पाहिजेत, त्यांतले एक सत्तरीच्या पुढचे. कापडाचे दोन तागे किंवा भाजीची दोन पोती मावली पाहिजेत. मांडवीच्या चौकात ती हातगाडी आणि रिक्षा यांच्या मधून वळली पाहिजे आणि एकादशीला पालखी आली तर चार पावले मागे सरकता आली पाहिजे. लेसर लावायचा असेल तर माझी हरकत नाही, मात्र तो कोण दुरुस्त करणार ते चित्राखाली लिहावे, मराठीत किंवा गुजरातीत. कानडीतही चालेल. कमानींची रुंदी ज्याला हवी त्याने फीत घेऊन यावे. दुपारी दोन ते चार रहदारी जरा कमी असते, आणि फितीचे दुसरे टोक धरायला मी येतो.